करांद्याची पाटी

१४ सप्टें., रविवार
आज झाडं दाखवायच्या फेरीला अकरा मुलं. पाऊस नव्हता, पण पाटाच्या कडेची माती निसरडी. मी पुढे, सलीमभाई माळी सगळ्यांत मागे. पोरं मोजत मोजत चालले. पुलाशी अकरा, आवळ्याशी अकरा, बागेच्या फाटकाशी दहा. जीव उडाला. शेवटी शेलारांची आर्या मागे करांद्याच्या वेलीपाशी सापडली. वही काढून वेलीच्या पाटीवरचा मजकूर उतरवत होती. पहिलीत आहे, जोडाक्षरं लावून लावून मोठ्याने वाचते.
"डोंगराळ भागात याचे कंद आवडीने खातात. ताई, कोण खातात?"
"आमच्याकडे."
"तू पण?"
"हो."
तिने वहीत "ताई खाते" असं लिहिलं. बाकावर बसलेल्या तिच्या आजी हसल्या.
चांगलं वाटलं. घरी सांगितलं पाहिजे की बांधावरचा कांद नाशिकात पाटीवर चढला. बाबांनी जूनमध्ये पिशवीत घालून दिला होता, एस.टी.त मांडीवर धरून आणला. आता कुंपणभर वेल, पानांआड बटाट्याएवढे करांदे लटकलेत.
झोपाळ्याच्या साखळीचा उजवा हुक झिजलाय. सलीमभाईंना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही झोपाळ्यापेक्षा जास्त हलताय."

१८ सप्टें., गुरुवार
दे. सर बागेत आले. (उद्यान समितीत तेच सगळं बघतात. शाळेतून निवृत्त, मूळ नामपूरचे. हे काम मला त्यांनीच दिलं.) सोबत समितीचे दोघे. त्यांच्यासमोर माझी ओळख करून दिली, "ही आमची वैशाली. पेठकडची. घरातली पहिली शिकलेली पोरगी, सगळ्या पाट्यांचा मजकूर हिचा. मी एक काना बदलला नाही."
दर वेळी असंच सांगतात. मी दर वेळी जमिनीकडे बघते.
पाट्या चोवीस. रोज एकेक पुन्हा वाचते, काही चुकलंय का म्हणून. आज बहाव्याची वेलांटी खटकली. शब्दकोश बघितला, बरोबर होती.

२४ सप्टें., बुधवार
नवरात्रामुळे संध्याकाळी बागेत गर्दी. घसरगुंडीशी रांग लावून द्यावी लागली. एका आईचं म्हणणं, तिच्या मुलाला गरब्याला जायचंय म्हणून आधी सोडा.
करांद्याच्या वेलीचे खालचे पाच-सहा करांदे गेलेत. हाताला येतील तेवढेच. पोरांनी खेळायला तोडले असणार. सलीमभाईंना विचारायचं राहिलं.

२५ सप्टें., गुरुवार
दुपारी दे. सरांचा फोन. "वैशाली, शेलारांची आजी आणि आर्या दवाखान्यात आहेत. काल रात्रीपासून उलट्या. सलाइन लावलंय."
म्हटलं, काय खाल्लं?
"आपल्या बागेतलं काहीतरी. वेलीचं. उपवासाला केलं म्हणे."
करांदे. आजींनी साल काढून, उकडून, जिरं-मिरची आणि दही घालून केले. कडू लागले म्हणून गूळ घातला. आजीला नऊ दिवसांचा उपवास. आर्याला उपवास नव्हता, पण तिने हट्टाने आजीच्या ताटातलं खाल्लं. पाटी तिनेच वाचून दाखवलेली.
हे सगळं सर सांगत होते आणि मी "हो, हो" म्हणत होते.
खोलीवर आले. पाट्यांची कच्ची वही काढली. मे महिन्यात लिहिलेलं पान. करांदा. चार ओळी. तिसरी ओळ अशी: "चकत्या करून राख लावून उकडतात, मग रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, तसे न केल्यास विषारी." त्यावर आडवी रेघ. माझ्या पेनाची. पट्टी लावून मारलेली.
विसरले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
का खोडली ते लिहिते. नाहीतर दोन दिवसांनी मीच दुसरं काहीतरी मानून बसेन.
हॉस्टेलला पहिल्या वर्षी डब्यांवरून गप्पा चालल्या होत्या. आमच्याकडे पावसाळ्यात भात संपतो तेव्हा कडूकांद, म्हणजे हेच करांदे, करतात, राख लावून, असं सांगितलं. "तुम्ही राख खाता?" खात नाही, लावतात, धुऊन टाकतात, तिच्याने कडूपणा जातो, हे सांगेपर्यंत हसून झालं होतं. आठवडाभर मला "राखी" म्हणत होत्या. वाईट नव्हत्या मुली. नंतर मैत्रिणी झाल्या.
पाटी लिहिताना ते आठवलं. वाटलं, पाटीपुढे लोक थांबणार, मुलांना समजावणार, हे बघा बिचारे काय काय खातात. म्हणून ती ओळ खोडली आणि "आवडीने" घातलं. आवडीने हा शब्द आधी नव्हताच.
आमच्याकडे "कांद खातात" म्हटलं की राख आणि नदी त्यात आलीच. वेगळं सांगावं लागत नाही. पण मी हे आमच्याकडच्यांसाठी लिहीत नव्हते.

२६ सप्टें., शुक्रवार
सकाळी गेले तर कुंपण उघडं. वेल उपटून ढीग करून ठेवलेली. समितीच्या कांबळे साहेबांनी फोनवर सांगितलं म्हणे. पाटी उचकटून अवजारांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. जमिनीत दोन भोकं, त्यांत पाणी साचलेलं.
सलीमभाई कोयता धूत होते. म्हणाले, "कांबळे साहेब विचारत होते, ही जंगली वेल कोणी वाढू दिली? माळ्याचं काम काय?"
"मग तुम्ही काय सांगितलं?"
"काय सांगायचं? म्हटलं, उगवली."
"मी आणली होती. तुम्ही तर जुलैमध्ये काढू का म्हणून विचारलं होतं."
"हां, विचारलं होतं. तुम्ही तार बांधून मागितली, मी बांधली." हात पुसले. "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी तुमचं नाव नाही घेतलं."
माझ्यावर उपकार केल्यासारखं नाही, सहज म्हणाले. मला तिथे उभं राहवेना. ते अकरा वर्षं आहेत बागेत. पाटाकडेची सगळी झाडं त्यांच्या हातची. मी मार्चपासून.

दुपारी
दवाखान्यात गेले. आत नाही गेले. खालच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहिले, आर्याचे बाबा, शेलार, दिसले, मी पाठ केली.

२८ सप्टें., रविवार
फेरी नाही. कालपासून पावसाची झड. पायवाट "पुढील सूचनेपर्यंत बंद" अशी चिठ्ठी फाटकाला, ती भिजून शाई उतरलेली.
आईला फोन केला. रेंज येत-जात होती. सगळं सांगितलं.
"राख नाय लावली त्यांनी?"
"नाही."
"पानीत नाय ठेवला?"
"नाही गं. त्यांना माहीत नव्हतं."
"तू लिवलं व्हतं ना? पाटीवर?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"पोरी, मला लिवता येत नाय. पन कांद कुणाच्या हातात दिला तं सांगितल्याबिगर नाय दिला कधी. तुला तं लिवता येतं."
मग रेंज गेली. की तिने ठेवला, कळलं नाही. परत लावला नाही.

३० सप्टें., मंगळवार
दोघी घरी आल्या. आर्याच्या लिव्हरचे आकडे थोडे वाढलेत. डॉक्टर म्हणाले बहुतेक आपोआप उतरतील, पण पंधरवड्याने रक्त पुन्हा तपासायचं. १५ तारखेला. "बहुतेक" हा शब्द दे. सरांनी सांगताना गाळला होता. शेलारवहिनींची शेजारीण भेटली, तिच्याकडून कळला.
तिच्याकडूनच दुसरं. वहिनींनी आजींना स्वयंपाकघरात यायची बंदी केलीय. आजी नीट जेवत नाहीत. कोणी बोललं की एकच, "माझ्याच हाताने घातलं पोरीला."
सलीमभाईंना समितीने तोंडी सांगितलंय, रविवारच्या मीटिंगनंतर ठरवू, तोवर दुसरीकडे काम बघून ठेवा. ते झोपाळ्याचा हुक बदलत होते. नवा, जाड.
"आता कशाला करताय?"
"झोपाळ्याने काय केलंय?"

२ ऑक्टो., गुरुवार. दसरा
आपट्यावर "पाने तोडू नयेत" ही माझीच पाटी. सकाळी नऊपर्यंत हाताला येणारी एक फांदी उरली नाही. ती पाटी कोणी वाचली नाही. करांद्याची तेवढी वाचली.
पत्र लिहून दे. सरांकडे गेले. त्यांनी सोनं दिलं, काकूंनी श्रीखंड-पुरीचं ताट वाढलं. जेवून झाल्यावर पत्र दिलं. चष्मा लावून उभ्यानेच वाचलं, मग बसले.
"काय करी बठनी तू, पोरी." एकदम अहिराणीत. रागात नाही, दमल्यासारखे.
"मजकूर माझा, वेल मी आणली. सलीमभाईंचा काही संबंध नाही."
"ते दिसतंय. पण हे काय लिहिलंस? 'सदर ओळ मी मुद्दाम वगळली.' मुद्दाम?"
"मुद्दामच वगळली, सर."
"अगं, मुद्दाम म्हटल्यावर शेलार पोलिसात जाईल. 'नजरचुकीने राहून गेली' लिही. एक शब्द. सलीम सुटतो, तूही सुटतेस."
"नजरचूक नव्हती."
"मला कळतंय गं नव्हती!" मग आवाज खाली आणला. "मी एक काना बदलला नाही, असं गावभर सांगत फिरलो. मी तरी विचारायला नको होतं का, कसे खातात म्हणून? मी पण बागलाणातला. पण मला आपलं कौतुकच. पोरीने किती सुरेख लिहिलंय."
काकू आतून म्हणाल्या, "सणाच्या दिवशी तिला रडवू नका हो." मी रडत नव्हते. सर डोळे पुसत होते.
पत्र परत आणलंय. 'नजरचुकीने' ही एक साधी पळवाट, त्यात कोणाचं नुकसानही नाही. तरी हात जात नाही. एकदा एक ओळ गाळून, एक शब्द घालून बघितलाय.

४ ऑक्टो., शनिवार
पत्र तिसऱ्यांदा लिहिलं. 'मुद्दाम' ठेवलं. खाली एक वाक्य वाढवलं: "ही ओळ लिहिण्याची मला लाज वाटली." ते खोडलं. मग सगळं नव्या कागदावर उतरवलं आणि ते पुन्हा घातलं.

५ ऑक्टो., रविवार
मीटिंग. सोसायटीच्या हॉलमध्ये, गरब्याच्या पताका अजून तशाच. समितीचे पाच, शेलार, सलीमभाई दाराशी उभे. त्यांना कोणी बस म्हणालं नाही, म्हणून मीही उभी राहिले.
कांबळे साहेबांनी सुरुवात केली, जंगली झाडं वेळेत न काढणं, माळ्याचा हलगर्जीपणा. मी मधेच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं बोलणं तोडलं. पत्र वाचायला घेतलं, तिसऱ्या ओळीला आवाज गेला. दे. सरांनी कागद घेतला आणि पुढचं त्यांनी वाचलं. 'मुद्दाम'पाशी थांबतील असं वाटलं. थांबले नाहीत. सगळं वाचलं, 'लाज'सुद्धा.
शेलारांनी कागद मागून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं की हे विष आहे."
"हो."
"आणि तुमची लाज राखायला माझी पोरगी."
समितीतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, तिने स्वतःहून सांगितलं तरी." शेलार म्हणाले, "स्वतःहून दहा दिवसांनी." बरोबर आहे. दहाच झाले होते, मी मोजले होते.
कांबळे साहेब तरीही, "माळ्याला विषारी वेल ओळखता यायला नको?" सलीमभाई दारातून म्हणाले, "साहेब, मला कण्हेर पण ओळखता येते. तुम्हीच लावायला सांगितली, गेटजवळ. शोभेला." कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.
ठरलं असं: शेलारांनी लेखी तक्रार दिली तर दोघंही जाणार, सलीमभाई आणि मी. नाही दिली तर पुढे बघू. शेलार म्हणाले, १५ तारखेचा रिपोर्ट येऊ द्या, मग सांगतो. रविवारची फेरी माझ्याकडून काढली. ते योग्यच.
बाहेर पडताना शेलारांना विचारलं, आजींना भेटू का? चूक माझी आहे हे त्यांना मी सांगायला हवं.
"बायकोला विचारून सांगतो," म्हणाले. माझ्याकडे न बघता.
सलीमभाई सायकलपाशी थांबले होते. "कशाला बोललात? मी कुठेही दोन बागा धरल्या असत्या."
"मग तसं मला आधी नाही सांगायचं?"
"आधी सांगितलं असतं तर बोलला नसतात?"
तेही खरं असेल. माहीत नाही.

७ ऑक्टो., मंगळवार
शेलारांचा मेसेज. "उद्या पाचला या. थोडा वेळच."
काय न्यायचं? फळं न्यावी तर माझ्या हातचं त्यांनी का खावं. काहीच नेणार नाही.

८ ऑक्टो., बुधवार
आर्या दाराशी आली. रोडावलीय, डोळे मोठे दिसतात. "ताई, मी सात वेळा ओकले," अभिमानाने. वहिनींनी तिला आत बोलावलं. माझ्याशी एकच, "आई आतल्या खोलीत आहेत." चहा मात्र दोन कप पाठवला.
आजी पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दार लोटलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. राख, वाहतं पाणी, खोडलेली ओळ, माझी लाज. तुमची काही चूक नाही, तुम्ही पाटीवर विश्वास ठेवलात, हे दोनदा म्हटलं.
त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बस खाली."
बसले.
"राखेचं मला ठाऊक होतं गं."
मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.
"जुन्नरच्या डोंगरातली मी. माझी आई चुलीतली राख चाळून ठेवायची कांदाला. चकत्या फडक्यात बांधून ओढ्यात दगडाखाली ठेवायची. सकाळी आणायला मीच जायचे."
"मग, आजी?"
"पाटीवर नव्हतं ना. पोरीने दोनदा वाचून दाखवलं. राखेचं काही नाही, पाण्याचं काही नाही. नुसतं आवडीने खातात. म्हटलं, आपली आई अडाणी. हे शिकलेल्यांनी लिहिलंय. आता निराळा कांद निघाला असेल, राख न लागणारा." कपाची कडा बोटाने पुसत होत्या. "कडू लागला तेव्हा जिभेला कळलं होतं. तरी गूळ घातला."
त्यांचा हात धरावा असं वाटलं, धरला नाही.
"तू का लाजलीस?"
"लोक हसतील म्हणून."
"मी पण सासरी कधी सांगितलं नाही, आम्ही कांद खायचो ते. पन्नास वर्षं झाली." थोडं थांबून, "हे आता आमच्या विजयला सांगू नको. सून कालपासून कुठे पोरीजवळ बसू देतेय. मला ठाऊक होतं असं कळलं तर तेवढंही..."
मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. त्यांनी मी हो म्हटल्यासारखी मान हलवली आणि चहा घेतला.
तिथेच बसल्या बसल्या डोक्यात आलं, शेलारांना हे सांगितलं तर त्यांची तक्रार ढिली पडेल. सलीमभाई राहतील. मीही राहीन. आणि लगेच भीती वाटली, की हे खरं म्हणून सांगावंसं वाटतंय की सोयीचं म्हणून. आणि न सांगितलं तर ती आणखी एक गाळलेली ओळ. ह्या वेळी दुसऱ्याची.
निघाले. शेलार लिफ्टपर्यंत सोडायला आले.
"काय म्हणाली आई? आमच्याशी बोलतच नाही ती."
"चहा घेतला त्यांनी. अर्धा कप."
ते बघत राहिले. "एवढंच?"
लिफ्ट आली होती. मी जाळीचं दार धरून उभी राहिले.